मध्यवस्तीतला बाजार आणि महापालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पुण्याच्या पेठांमधल्या बाजाराबद्दल आहे: लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, अप्पा बळवंत चौक, रविवार पेठ. प्रश्न दुकानदारांचे आहेत, पथारीवाल्यांचे आहेत आणि गाडी कुठे लावायची या विवंचनेतल्या गिऱ्हाइकांचेही. कायद्याची माहिती महाराष्ट्रातल्या इतर शहरांनाही लागू पडेल. मतं मात्र पुण्यातली आहेत.

गावातला बाजार मरत चाललाय, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेच्या बोळात शिरून पाहा. धक्के खात पुढे सरकायला लागलात की या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. या भागाला गिऱ्हाइकांची वाण नाही. बाजार बदलतोय, एवढं खरं. धान्याचा घाऊक व्यापार केव्हाच गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. कपड्यांच्या बड्या दुकानांनी उपनगरांत शाखा काढल्या. मोबाईलवर मागवता येतं ते लोक मोबाईलवर मागवतात. पण तपकीर गल्लीतलं इलेक्ट्रिक सामान, अप्पा बळवंत चौकातली शाळा-कॉलेजची पुस्तकं, बोहरी आळीतलं हार्डवेअर, तांबट आळीतली भांडी यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे एकाच मालाची अनेक दुकानं शेजारीशेजारी आहेत. गिऱ्हाईक चार ठिकाणी भाव काढतं, पाचव्या ठिकाणी घेतं. ही सोय मॉल देऊ शकत नाही.

दुखणं दुसरीकडे आहे. वाडे पडायला आलेत, माल उतरवायला जागा नाही, पदपथावर चालता येत नाही आणि वरच्या मजल्यावर राहणारी कुटुंबं कोथरूड-सिंहगड रोडला गेली. रात्री नऊनंतर काही गल्ल्या गोदामासारख्या दिसतात त्या त्यामुळेच.

महापालिकेने या भागासाठी आजवर केलं तरी काय?

फार जुन्यापासून सांगायचं तर मंडई बांधली. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरणारा बाजार छपराखाली नेण्यासाठी उभारलेली ही इमारत 1886 साली रे मार्केट या नावाने खुली झाली. महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला होता. शिक्षणाला पैसे नाहीत आणि बाजाराच्या इमारतीला आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. या गावाला असले विनोद नवीन नाहीत.

अलीकडचं पाहायचं तर 2016 साली महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यातून जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले. मुलं तिथे खेळतात, म्हातारी माणसं बाकांवर टेकतात. काम चांगलं झालं, यात वाद नाही. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत पुणे देशात दुसरं आलं. त्या योजनेत क्षेत्रविकासासाठी निवडला गेला औंध-बाणेर-बालेवाडी हा पट्टा. पेठांचा त्यात समावेश नव्हता. जिथे रस्ते आधीच रुंद होते तिथे पदपथ आणखी रुंद झाले आणि जिथे चालायला फूटभर जागा नव्हती तिथे काम पोहोचलंच नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या महापालिकेला बांधकाम जमतं. फरशी बसवणं, दिवे लावणं, उद्घाटन करणं ठीक होतं. बसवलेली गोष्ट रोज चालवणं जमत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हेच सापडेल.

पादचारी दिनाने नेमकं काय साधतं?

11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रोडचा नगरनाथ पार ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला गेला. तेव्हापासून 11 डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो. असा दिवस पाळणारी देशातली पहिली महापालिका आपलीच, हे भूषण म्हणून सांगितलं जातं.

दिवस छान जातो. रस्त्यावर सतरंज्या पडतात, खेळ होतात, फोटो निघतात. पण एका दिवसावरून व्यापाऱ्याला काहीच कळत नाही. त्या दिवशीची गर्दी उत्सवाची असते आणि नेहमीचं गिऱ्हाईक ‘आज रस्ता बंद आहे’ म्हणून येत नाही. धंदा वाढला की घटला हे पाहायचं तर निदान तीन महिने, ठरावीक वारी, ठरावीक वेळेत रस्ता बंद ठेवावा लागेल आणि आधीच्या-नंतरच्या विक्रीची नोंद करावी लागेल. व्यापारी आपली विक्री सांगणार नाहीत, हे मान्य. पण रस्त्यावरची माणसं मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग लक्ष्मी रोड कायमचा वाहनमुक्त का करत नाहीत? दिल्लीला चांदणी चौकात केलं की.

केलं. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या साधारण सव्वा किलोमीटरच्या पट्ट्याचं नूतनीकरण करून तो सप्टेंबर 2021 मध्ये खुला झाला. सकाळी 9 ते रात्री 9 मोटार वाहनांना बंदी. दगडी फरसबंदी देखणी आहे. पण बंदीच्या वेळेत दुचाक्या शिरतात, या तक्रारी लगेच सुरू झाल्या. दगड बसवणारा ठेकेदार काम संपवून जातो. बंदी पाळली जाते की नाही हे बघणारा माणूस मात्र रोज लागतो.

चेन्नईच्या पाँडी बझारमध्ये 2019 साली वेगळी वाट धरली. वाहनं पूर्ण बंद केली नाहीत. त्यांची जागा कमी केली आणि पदपथ इतके रुंद केले की माणसं आपसूक रस्त्यावरून वर आली. लक्ष्मी रोडला हा नमुना जास्त जवळचा वाटतो. कारण हा रस्ता नुसता बाजार नाही, ती पूर्व-पश्चिम वाहतुकीची मोठी वाट आहे. ती बंद केली तर ओझं शेजारच्या रस्त्यांवर येणार आणि ते आधीच गळ्यापर्यंत भरलेत. शिवाय अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींच्या मिरवणुका इथूनच जातात. कुंड्या, खांब, बाक असं काहीही कायमचं बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘रथ जाईल का?’ हाच येतो आणि तो रास्त आहे.

दुकानासमोर पार्किंग नसेल तर गिऱ्हाईक येईल का?

दुकानदारांचा हा सगळ्यात मोठा धसका. पण सकाळी दहाला दुकानासमोर कोणाची गाडी लागते ते एकदा लिहून काढा. पुष्कळदा ती दुकानदाराची स्वतःची असते, नाहीतर कामगाराची किंवा शेजारच्या ऑफिसातल्या कुणाची. ती लागते सकाळी आणि निघते रात्री. एका दुचाकीच्या जागेवर तासातासाने गाडी बदलली तर दिवसभरात दहा गिऱ्हाइकं येऊन जातात. तीच गाडी दिवसभर उभी राहिली तर एकही नाही.

जागा फिरती ठेवायचा जगभर चालणारा उपाय म्हणजे तासावर पैसे. पुणे महापालिकेने 2018 साली पार्किंग धोरण मंजूर केलं, पण विरोध झाल्यावर आधी मोजक्या पाच रस्त्यांपुरतं ठेवलं आणि मग तेही रखडलं. ‘टॅक्स भरतो, वर पार्किंगचे पैसे कशाला?’ हा सवाल विचारणारे मंडईजवळच्या आर्यन-मिनर्व्हा वाहनतळावर निमूटपणे पैसे देतात, कारण तिथे गाडीला जागा मिळते आणि टोइंगची भीती नसते.

29 सप्टेंबर 2024 पासून मंडईला मेट्रोचं भुयारी स्थानक आहे. साडी, चप्पल, पुस्तकं, दागिने घ्यायला येणाऱ्याला आता गाडीची गरज उरलेली नाही. शिलाई मशीन किंवा पाण्याची मोटर घेणाऱ्याला आहे. म्हणजे पार्किंग सगळीकडे सारखं लागत नाही. कुठल्या गल्लीत काय विकलं जातं ते बघून ते ठरवायला हवं.

नो-पार्किंगचा फलक काढायचा किंवा लावायचा तर महापालिकेकडे जायचं का?

एकट्या महापालिकेकडे जाऊन भागत नाही. रस्ता आणि पदपथ महापालिकेचा, पण एकेरी वाहतूक, नो-पार्किंग, अवजड वाहनांना बंदीच्या वेळा या वाहतूक पोलिसांच्या आदेशाने ठरतात. अर्जाची प्रत दोन्हीकडे द्या. नाहीतर ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य दोन कार्यालयांत ऐकून यावं लागेल.

माल कधी उतरवायचा?

याचा विचार कुठल्याच आराखड्यात नीट सापडत नाही. टेम्पो येतो, रस्त्यात उभा राहतो, हमाल पाठीवर गठ्ठे घेऊन वीस फेऱ्या मारतो आणि मागे हॉर्न वाजत राहतात. सकाळी लवकरची वेळ आणि दर दोनतीनशे मीटरवर टेम्पोसाठी राखीव जागा, एवढं मिळालं तरी अर्धी कोंडी सुटेल. पण सकाळी लवकर दुकान उघडायला कोणीतरी यावं लागतं. पुण्यात हा प्रश्न नाजूक आहे.

पथारीवाल्यांमुळे दुकानदारांचा धंदा बुडतो का?

तुळशीबागेत थोडा वेळ उभं राहून पाहा. एक बाई दुकानात ब्लाउजपीस आणि अस्तर घेते. बाहेर येते. पायरीसमोरच्या पथारीवर लटकन बघते, चार बाजूला काढते, दोन परत ठेवते, ‘शंभरला तीन दे’ म्हणते. तिथून बांगड्या, तिथून पिना, मग समोरच्या दुकानात मॅचिंग परकर. ही बाई नुसत्या दुकानासाठी आली नव्हती आणि नुसत्या पथारीसाठीही नाही. दोन्ही एकाच ठिकाणी आहे म्हणून ती हडपसरहून इथवर आली.

एकच माल दोन्हीकडे असेल तर दुकानदाराला झळ बसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याला भाडं, वीज, जीएसटी, कामगार, सगळं आहे. आणि चालणाऱ्याला वाट उरली नाही तर दोघांचंही गिऱ्हाईक जातं. पण चित्राची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. स्वतःचे पुतळे आणि हँगर पायरीच्या पुढे तीन फूट आणणारे दुकानदार कमी नाहीत. आपल्या दुकानासमोरच्या सरकारी पदपथाचं ‘भाडं’ पथारीवाल्याकडून घेणारेही आहेत. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक असतं, बैठकीत मात्र कोणी बोलत नाही.

पथविक्रेता कायदा नेमकं काय सांगतो?

2014 चा हा केंद्राचा कायदा आहे. गाभा असा: निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, शहरात विक्रीची क्षेत्रं ठरवायची. विक्रेत्यांची संख्या त्या प्रभागाच्या, विभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायची. सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रवाटप पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. हे सगळं ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते. आयुक्त तिचे अध्यक्ष, किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला.

समिती ही सगळ्याची किल्ली आहे, म्हणूनच ती वेळेवर बसत नाही. निवडणूक लांबते, बैठक लांबते, सर्वेक्षण जुनं होतं. मग ज्याचं नाव जुन्या यादीत आहे तो अधिकृत आणि जो दहा वर्षं तिथेच बसतोय पण सर्वेक्षणाच्या दिवशी गावी गेला होता तो अतिक्रमण.

या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद आहे. पन्नास वर्षांहून जास्त काळ जिथे पथविक्रेते धंदा करत आहेत तो नैसर्गिक बाजार ‘वारसा बाजार’ जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. मंडई-तुळशीबाग परिसरासाठी यावर गंभीरपणे बोलायला हवं.

अतिक्रमणची गाडी आली आणि माल उचलून नेला. आता काय?

पहिली गोष्ट, उचललेल्या मालाची यादी तिथल्या तिथे मागा. ती देणं बंधनकारक आहे. चादरीची चार टोकं धरून सगळा माल एका गठ्ठ्यात ट्रकमध्ये टाकला जातो आणि सोडवायला गेल्यावर ‘एवढाच होता’ असं ऐकावं लागतं. यादी नसेल तर तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. शेजाऱ्याला मोबाईलवर फोटो काढायला सांगा.

शुल्क भरून मागणी केल्यावर न टिकणारा माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. जागा बदलायची किंवा खाली करायची असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते. हे संरक्षण कायद्यात बसणाऱ्या विक्रेत्याला आहे, म्हणून प्रमाणपत्राची किंवा सर्वेक्षणाच्या पावतीची लॅमिनेट केलेली प्रत पथारीवर ठेवा. मूळ कागद घरी.

प्रमाणपत्र भाड्याने देता येतं का?

नाही. स्वतः किंवा घरच्या माणसाने बसायचं. विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. विक्रेता वारला तर पती-पत्नीपैकी मागे राहिलेल्याला किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला ते पुढे चालवता येतं.

वाड्यातलं दुकान जुन्या भाड्याचं आहे. मालक दुरुस्ती करत नाही, वरून माती पडते. काय करता येईल?

मध्यवस्तीच्या पडझडीचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं आणि त्यावर एकही उद्घाटन होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येतं. महिना 200 रुपये भाडं असेल तर वाढ झाली 8 रुपये. एवढ्या पैशांत मालक दुरुस्ती करणार नाही, हे उघड आहे. इमारत राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्याने त्याच्यावरच टाकली आहे.

भाडेकरूला एक वाट आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना 200 म्हणजे वर्षाला 2,400, त्यातले 600. सहाशे रुपयांत कौलं चाळायला कारागीर वर चढत नाही. म्हणून प्रत्यक्षात दुकानदार आपल्या खर्चाने खालचा भाग चकाचक करतो, काच लावतो, एसी बसवतो आणि वरचा वाडा पावसात भिजत राहतो. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. नोटीस आली की भाडेकरूला हक्क जाण्याची भीती, मालकाला पुनर्विकासाची आशा. लेखी करार नसेल तर दुकान कधीच खाली करू नका, पण डोक्यावरची तुळई वाकलेली असेल तर कराराची वाट बघत खाली बसूही नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या आणि आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेच्या नोंदीत आणून ठेवा.

आमचं दुकान शनिवारवाड्याजवळ आहे. पुनर्बांधणी होईल का?

शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. शंभर मीटरच्या आत असाल तर सध्याच्या कायद्यात रीतसर परवानगी घेऊन दुरुस्ती करणं एवढंच हातात आहे.

छोटं दुकान सुरू करायला कोणते कागद लागतात?

ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट लायसन्स म्हणतो ते 2017 च्या कायद्यानंतर छोट्या दुकानांसाठी लायसन्स राहिलेलं नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. त्या पावतीने जागा कायदेशीर ठरत नाही, हे ध्यानात ठेवा. खाण्याचे पदार्थ असतील तर अन्न नोंदणी. जीएसटी मालविक्रीसाठी वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीनंतर, सेवेसाठी 20 लाखांनंतर. राज्याबाहेर माल विकणार असाल तर उलाढाल कमी असली तरी तो नियम आधी विचारून घ्या. पाटी मराठीत, देवनागरीत आणि मराठी अक्षरं इतर लिपीहून लहान नकोत. पाटीच्या परवान्यासाठी महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग.

कर्ज कुठून मिळेल?

पथारीवाल्यांसाठी केंद्राची पीएम स्वनिधी. 2020 मध्ये कोविडच्या काळात 10,000 रुपयांपासून सुरू झालेली ही योजना 2025 मध्ये बदलली. आता पहिलं कर्ज 15,000 पर्यंत, ते फेडलं की 25,000, मग 50,000. तारण नाही, वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज-अनुदान खात्यात येतं. प्रमाणपत्र नसेल तर महापालिकेचं शिफारसपत्र चालतं.

दुकानासाठी केंद्राची मुद्रा कर्जयोजना. शिशु 50,000 पर्यंत, किशोर 5 लाख, तरुण 10 लाख. ‘तरुण’ कर्ज नीट फेडलेल्याला 20 लाखांपर्यंत. मुद्रामध्ये सबसिडी नसते. ‘सबसिडीसकट मुद्रा करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहा न पाजता वाटेला लावा. काही बनवणारा उद्योग नव्याने काढत असाल, म्हणजे मसाले, पिशव्या, तांब्याची भांडी, तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, बघा. शहरात सर्वसाधारण गटाला 15 टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना 25 टक्के अनुदान. नुसता माल आणून विकणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

उद्यम नोंदणी (केंद्राची छोट्या उद्योगांची नोंदणी) केली तर थकलेली बिलं 45 दिवसांत वसूल होतात का?

माल बनवणाऱ्याची किंवा सेवा देणाऱ्याची वसुलीसाठी मदत होते. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी खुली आहे, पण फायदा बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता. नोंदणी फुकट असते. पैसे मागणारी वेबसाइट खोटी समजा.

आमच्या गल्लीच्या आराखड्यात आमचं म्हणणं कसं पोहोचवायचं?

मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा दाद मागायला माणूस आहे. पेठांसाठी कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय. रस्ता, पदपथ किंवा विक्री क्षेत्राबद्दल हरकती-सूचना मागवल्या की ‘आमचा विरोध आहे’ एवढं एका ओळीत लिहून शंभर सह्या जोडू नका. दुकानासमोर पदपथ किती फूट आहे, टेम्पो किती वाजता येतो, पथारी किती, दुचाक्या किती, असं मोजून लिहा. पथविक्रेता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतात. व्यापारी संघटना आणि पथारी संघटनेने एकत्र सही केलेलं पत्र असेल तर ते टेबलावरून सहसा बाजूला सरकवलं जात नाही. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.